कागदपत्रांतून उलगडणारी कुमार विज्ञान-कादंबरी: सगळे कागद एकाच आवाजात बोलतायत, काय करावं?

लालमाती

नमस्कार मंडळी. तेरा ते सतरा वयाच्या वाचकांसाठी एका कादंबरीचा खर्डा तयार आहे. निवेदक नाही. पत्रं, नोंदवह्या, जबाब, संदेश, परिपत्रकं अशा बेचाळीस कागदांतून गोष्ट पुढे जाते. सुमारे ३८ हजार शब्द झालेत.

गोष्ट थोडक्यात: साल २१४१. मंगळावरच्या भारतीय तळावर २१२ माणसं. रात्रपाळीत निवासखंडाचं एक दार बंद होतं आणि बारा मुलं आत अडकतात. कार्यालय म्हणतं तांत्रिक बिघाड. आत अडकलेल्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा, त्याची धाकटी बहीण कोल्हापुरात. तीच पुढे हे सगळे कागद गोळा करते.

अडचणी अशा:

१. अभियंत्याची नोंद, अधिकाऱ्याचं पत्र आणि मुलाचा संदेश, तिन्ही एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात.
२. दाराजवळचा प्रसंग हा गोष्टीचा गाभा. तो डोळ्यांसमोर उभा करायचाय, पण वर्णन करणारं कुणीच नाही.
३. बहीण-भावाचे संदेश चॅटसारखे लिहिलेत. वाचणाऱ्या एकाने ते अशक्य आहे म्हणून खूण केलीय.
४. काही मजकूर काळ्या पट्टीखाली झाकायचाय. छापील आणि ई-पुस्तक, दोन्हीकडे तो कसा नीट दिसेल?

अशीच कागदपत्रांतून उलगडणारी इंग्रजी कादंबरी ‘इल्युमिनी’ डोळ्यांसमोर आहे, पण त्याचा मराठी अवतार करायचा नाहीये.

---

जावकक्रमांक

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. प्रत्येक कागदाला तीन गोष्टी लागतात: लिहिणारा, ज्याच्यासाठी लिहिलं तो, आणि लिहिण्याचं कारण. तुमच्या बेचाळीस कागदांच्या माथ्यावर पेन्सिलीने ही तीन उत्तरं लिहा. जिथे ‘ज्याच्यासाठी’ या रकान्यात ‘वाचकासाठी’ असं उत्तर येईल तो कागद खोटा. दोन अभियंते एकमेकांना ‘तुला माहीतच आहे की आपल्या तळावर २१२ लोक राहतात’ असं लिहीत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर मराठीत याची तयार खाण आहे, आपली दफ्तरी भाषा. एकच घटना घ्या. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी दार क्रमांक ४ बाहेरून लावलं गेलं.

यंत्राची नोंद: ‘०२:१०:४४ दार-४ बंद. आदेश: हस्तचलित.’

कार्यालयाचं पत्र: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सुरक्षेच्या कारणास्तव दार क्र. ४ बंद ठेवण्यात आले असल्याचे निदर्शनास आले आहे.’

पंचनामा: ‘दाराच्या बाहेरील बाजूस जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर लोखंडी खटका असून तो खाली ओढलेल्या स्थितीत दिसून येतो. खटक्याच्या डाव्या अंगास पिवळ्या रंगाचा ताजा ओरखडा.’

मुलाचा संदेश: ‘दार लागलंय. आम्ही नाही गं लावलं.’

चारही खरे आहेत. पत्रातलं ‘ठेवण्यात आले’ कर्त्याला गिळून टाकतं. यंत्राच्या नोंदीतला ‘हस्तचलित’ हा एकच शब्द सांगतो की तिथे माणूस होता. पंचनाम्यातला पिवळा ओरखडा कुणाच्या हातमोज्याचा, हे वाचक दहा कागदांनंतर मस्टरवरून शोधतो. तुमचं कथानक कागदांच्या मधल्या जागेत आहे, ते कागदात कोंबू नका.

दुसरी अडचण पंचनाम्यानेच सुटते. ‘इल्युमिनी’त (एमी कॉफमन आणि जे क्रिस्टॉफ, २०१५) कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाचं वर्णन एक विश्लेषक लिहून काढतो. निवेदकाची उणीव तिथे तो भरून काढतो. आपल्याकडे हेच काम पंच करतात, आणि त्यांना मत मांडायची मुभा नसते. ‘मुलगी घाबरली होती’ असं पंच लिहूच शकत नाहीत. ते लिहितात, ‘मुलीच्या उजव्या हातात पाण्याची बाटली, अर्धी भरलेली, झाकण नाही.’ हे वाचून घाबरायचं काम वाचकाचं.

साचा नीट पाळा: बोलावणाऱ्याचं पद, पंचांची नावं-वयं-धंदा, ठिकाण, चतुःसीमा, सुरू केल्याची वेळ, पाहिलेल्या वस्तू क्रमाने, जप्त वस्तूंची यादी, संपवल्याची वेळ, ‘समक्ष’ आणि सह्या. सुरू आणि संपल्याच्या वेळा मोलाच्या आहेत. चाळीस मिनिटांच्या पंचनाम्यात दोनच ओळी असतील तर वाचकाला प्रश्न पडायलाच हवा.

एक चूक मात्र जवळजवळ सगळ्याच हस्तलिखितांत सापडते. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच ती घ्यायची नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे. फिर्यादीवर ती देणाऱ्याची सही असते, पंचनाम्यावर पंचांची असते, खात्याच्या अंतर्गत चौकशीतल्या जबाबावरही असते. तुमच्या कागदावर सही हवीच असेल तर चौकशी पोलिसांची न ठेवता खात्याची ठेवा.

---

अर्जदार

वरच्याला जोड देतो. काळ्या पट्ट्या कुणी मारल्या आणि का, याचं उत्तर गोष्टीत नसेल तर त्या नुसती सजावट ठरतात. ‘इल्युमिनी’त सुरुवातीचं पत्रच सांगतं की शिव्या काळ्या केल्या आहेत. कारण एकदा कळलं की वाचक पुढे निमूट चालतो.

तुमच्या बहिणीला माहितीचा अधिकार द्या. कथा २१४१ ची असली तरी २००५ च्या कायद्याचा साचा आजच्या वाचकाच्या ओळखीचा आहे आणि त्यात तुमचं अर्धं कथानक बसतं. अर्जाला वयाची अट नाही, नागरिक असलं की पुरे. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तर तीस दिवसांत. पण जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, कलम ७(१). भाऊ आत अडकलेला असताना ती नेमकं हेच कलम लिहिणार, आणि जन माहिती अधिकारी ‘हे प्रकरण त्यात मोडत नाही’ असं उत्तर देणार. एका ओळीच्या त्या उत्तराने वाचकाचं रक्त उसळतं.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असं आहे. ही मर्यादा लेखकाला वरदानच. पहिला अर्ज पोरीने भावनेच्या भरात लिहिलेला, तीन विषयांचा, म्हणून फेटाळलेला. दुसरा नेमका: ‘दिनांक अमुक रोजी ०२:०० ते ०२:३० या वेळेतील दार क्र. ४ च्या नोंदीची प्रत.’ पात्र वाढतंय हे दोन अर्ज शेजारी ठेवले की दिसतं. ‘ती आता मोठी झाली होती’ असं कुणी सांगावं लागत नाही.

काळ्या पट्टीचं कलमही आहे. कलम १० प्रमाणे द्यायचा भाग वेगळा काढून देता येतो, पण उरलेला का रोखला आणि हा निर्णय कुणी घेतला हे अर्जदाराला कळवावं लागतं. म्हणून प्रत्येक पट्टीच्या समासात कलम छापा: ८(१)(क) देशाची सुरक्षा, ८(१)(ज) तपासात अडथळा, ८(१)(ञ) खाजगी माहिती. मग एक जागा अशी ठेवा की कलम आणि संदर्भ जुळत नाहीत. पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीच्या तक्त्यावर ‘देशाची सुरक्षा’. तिथेच तिचा संशय जागा होतो. पुढे पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं नव्वद दिवसांत, माहिती आयोगाकडे. अपिलात पट्टी उघडली की तोच कागद दुसऱ्यांदा छापा, या वेळी उघडा.

कागद गोळा करणारी व्यक्ती गोष्टीच्या आत असावी ही युक्ती जुनीच आहे. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त मीना सगळ्या रोजनिश्या आणि पत्रं टाइप करून क्रमाने लावते, ड्रॅक्युला ते हस्तलिखित जाळतो, पण तिजोरीतली दुसरी प्रत वाचते. फाईल हीच कथानकातली वस्तू झाली. तुमच्या फाईलीलाही धोका असू द्या.

---

प्रकाशमिनिट

तिसऱ्या अडचणीबद्दल. खूण करणाऱ्याचं बरोबर आहे. पृथ्वी आणि मंगळ यांतलं अंतर जवळच्या वेळी सुमारे ५.५ कोटी किलोमीटर, लांबच्या वेळी सुमारे ४० कोटी. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे संदेशाला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं लागतात. चॅट होणार नाही. पण जे होईल ते चॅटपेक्षा चांगलं आहे.

समजा त्या दिवशी अंतर २५.२ कोटी किलोमीटर, म्हणजे चौदा मिनिटं. (सगळ्या वेळा एकाच घड्याळाच्या धरा.)

१०:०० ला भाऊ लिहितो, ‘दार लागलंय, पण सगळे ठीक आहोत.’
१०:१२ ला पुन्हा लिहितो, ‘हवेचा पंखा थांबला.’
१०:१४ ला बहिणीला पहिला संदेश मिळतो.
१०:१६ ला ती उत्तर देते, ‘मग झोप की रे दादा आता.’
१०:२६ ला तिला दुसरा संदेश मिळतो.
१०:३० ला त्याला तिचं ‘झोप’ मिळतं.

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी तिला कळतं की आपलं ‘झोप’ वाटेत आहे आणि ते परत घेता येत नाही. हा प्रसंग कुठल्याही वर्णनाविना उभा राहतो, मात्र दोन्ही वेळा छापल्या तरच: पाठवल्याची आणि मिळाल्याची. दोन रकाने ठेवा. एकच वेळ छापली की वाचक गोंधळतो.

विलंब कादंबरीभर सारखा ठेवू नका. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेची ‘होरायझन्स’ ही मोफत सेवा कुठल्याही तारखेचं अंतर देते. ते खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य अंतराच्या मापात) आलं तर ८.३२ ने गुणा, मिनिटं मिळतात. दर सुमारे सव्वीस महिन्यांनी सूर्य मधे येतो, तेव्हा साधारण दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात. फाईलीत तुम्हाला कागदांची पोकळी हवी असेल तर ती तिथे टाका. त्या पोकळीला कुणी दोषी नाही, म्हणून ती जास्त छळते. तारखा जुळतायत का ते मात्र पाहून घ्या.

घड्याळाचाही घोळ होतो. मंगळाचा दिवस, म्हणजे सोल, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. तिकडे ३६ सोल होईस्तोवर इकडे ३७ दिवस उलटतात. तळावरच्या कागदांवर सोल क्रमांक, पृथ्वीवरच्या कागदांवर तारीख, आणि तुमच्या स्वतःच्या तक्त्यात दोन्ही. तक्त्याचे रकाने असे करा: कागद क्रमांक, घटना कधी घडली, कागद कधी लिहिला, फाईलीत कधी आला, लिहिणाऱ्याला तेव्हा काय माहीत नव्हतं. शेवटचा रकाना भरायचा लोक कंटाळा करतात, आणि सगळ्या चुका तिथेच निघतात. सोल ९१ ला लिहिलेल्या पत्रात सोल ९३ ला उघड झालेली गोष्ट डोकावते.

आता हवेचा हिशेब, कारण बारा मुलं आत आहेत म्हणालात. माणूस दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन घेतो आणि साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. पृथ्वीसारख्या दाबाला तो अर्धा घनमीटर होतो. खोली २० बाय १० मीटर, उंची ३, म्हणजे ६०० घनमीटर. बारा जणांचा सहा घनमीटर, म्हणजेच दिवसाला एक टक्का. तीन दिवसांत तीन टक्के: डोकं दुखतं, धाप लागते. तेव्हा ऑक्सिजन २१ वरून १७ टक्क्यांच्या आसपास आलेला असतो. ‘ऑक्सिजन संपत आला’ असं तुमचं पात्र ओरडत असेल तर ते काढा. आधी जीव घेतो तो उच्छ्वास.

हे आकडे नुसते तक्त्यात टाकू नका, मुलाच्या लिहिण्यातही उतरवा. पहिल्या दिवशी लांब वाक्यं. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न दोनदा विचारलेला, त्याच्या ध्यानातही नाही. तिसऱ्या दिवशी क्रियापदं गळालेली. शेजारच्या पानावर १.०, २.१, ३.० एवढेच आकडे. वाचक स्वतः सांधा जोडतो.

---

लालमाती

खूप उपयोग होतोय. ‘ज्याच्यासाठी’चा रकाना भरला, नऊ कागद बाद झाले. खात्याची चौकशी ठेवतेय, म्हणजे सह्या राहतील. दोन प्रश्न उरले. मुलं फोनवर रोमन लिपीत मराठी लिहितात, पुस्तकात ते कसं दाखवू? आणि पट्ट्यांचं तांत्रिक काय?

---

जावकक्रमांक

रोमनचा प्रश्न २१४१ मध्ये उरलेलाच नसेल असं धरा. मुलं बोलतात, यंत्र देवनागरीत उतरवतं. त्यातून तुम्हाला फुकटात एक हत्यार मिळतं: यंत्राची ऐकण्यातली चूक. तळावरून तंत्रज्ञ सांगतो, ‘दाब वाढला.’ यंत्र लिहितं, ‘दाब वाढवा.’ एका अक्षराने बातमीचा हुकूम झाला. मराठीतच शक्य असलेली चूक आहे ही, अनुवादात सापडणार नाही. मात्र त्याआधी किमान दोन निरुपद्रवी चुका वाचकाला दाखवून ठेवा, नाहीतर ती लेखकाची सोय वाटेल.

---

चौदाफर्मे

पट्ट्या आणि मांडणी याबद्दल सांगते.

इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ संयोजक निवडलेला हवा. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार भलतीकडे बसतात. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधून उलटापालट केली की जोडाक्षरं मोडतात, आणि तुमच्याकडे आता तेहतीस कागद आहेत, मुद्रितशोधनात ते सगळं सापडणार नाही.

यंत्राच्या नोंदी ‘टंकलेखन’ वळणाच्या करायचा मोह टाळा. देवनागरी अक्षरं मुळातच कमी-जास्त रुंदीची, समरुंद फॉन्टमध्ये ‘ज्ञ’ चेपतो आणि ‘र’ पोकळीत तरंगतो. जागा सोडून रकाने जुळवू नका, सरळ तक्ता घाला. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मजकूर गोलाकार किंवा उतरता फिरवायचा असेल (अंतराळातल्या प्रसंगांत ‘इल्युमिनी’ हे खूप करतं) तर तुकडे अक्षरांचे पाडा, युनिकोडच्या चिन्हांचे नकोत: क्षि-ति-ज असे तीन. संगणकाला तोडायला सांगितलं की तो वेलांटी एकटी सोडून देतो.

फॉन्ट चारच ठेवा. कार्यालयासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’, यंत्रासाठी ‘मुक्त’, मुलाच्या हस्ताक्षरासाठी ‘कलम’, संदेशांसाठी ‘बलू’. चारही मोफत आहेत. ई-पुस्तकात भाषेची खूण ‘एमआर’ अशी दिली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. नाही दिली तर बहुधा हिंदी वळण येतं, आणि शासकीय पत्र तिथेच परकं वाटतं.

काळी पट्टी. पीडीएफमध्ये मजकुरावर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून उचलता येतो. पोरं पहिल्या तासात उचलतील. मजकूर काढूनच टाका. ई-पुस्तकात वाचून दाखवणारं यंत्र पट्टीखालचं नाव मोठ्याने वाचेल, म्हणून तिथेही मूळ शब्द नको, ‘मजकूर झाकला आहे’ असं पर्यायी वर्णन द्या. काळ्या ठोकळ्याचं चिन्ह वापरलंत तर बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ते नसतं, दुसऱ्या फॉन्टमधून येतं आणि ओळीत उंच-सखल दिसतं. पार्श्वभूमीचा रंग काळा करून मोकळ्या जागा भरणं जास्त सुबक.

पूर्ण काळं पान एखाद-दोनच. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर काळं पान पाठीमागे दिसतं, त्यामुळे त्याच्या पाठीवर मजकूर नको. काळ्यावर पांढरी अक्षरं ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका, अक्षरांची जाडी ‘मीडियम’ ठेवा, नाहीतर शाई पसरून ‘घ’ आणि ‘ध’ बुजतात.

पानांचा अंदाज: साध्या निवेदनाची डेमी आकारात पानाला २८० शब्द धरले तर ३८ हजारांची १३६ पानं. कागदपत्रांच्या रचनेत अर्धी-मुर्धी पानं मोकळी जातात, म्हणून दीडपटीहून थोडं जास्त धरा, २१७-२१८. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे चौदा फर्मे, २२४ पानं. उरलेल्या सहा-सात पानांत शीर्षकपान वगैरे बसवा. पंधरावा फर्मा लागला तर किंमत वाढेल, त्यापेक्षा दोन परिपत्रकं कापा.

---

अर्जदार

चौदाफर्मे यांच्या म्हणण्यात एक भर. पट्टीची लांबी. तुमच्या अधिकाऱ्याचं नाव ‘साने’ असेल आणि पट्टी ‘कुलकर्णी’एवढी असेल तर ते मुलं मोजतील. वाचक इथे तपास करत असतो, पट्टी हा पुरावा आहे. प्रत्येक नावाची पट्टी मूळ शब्दाच्या रुंदीची काढा आणि ४२ कागदांत (आता ३३) तीच ठेवा. मग एका कागदात त्याच पदाशेजारी वेगळ्या रुंदीची पट्टी येऊ द्या. त्या रात्री पाळी बदलली होती, हे तिथे कळेल.